तीन ‘किंवा’: आरोपी परिवीक्षा पार पाडेल की नाही, हे कायदा कसं ताडतो?

कुणी माझा पीएच.डी.चा विषय विचारला आणि मी ‘परिवीक्षेचा इतिहास’ म्हटलं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ‘म्हणजे नोकरीतलं प्रोबेशन?’ शब्द तोच, पण इथे अर्थ वेगळा. न्यायालयात गुन्हा सिद्ध झाल्यावर दोषीला लगेच तुरुंगात न पाठवता ठरावीक काळ चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर बाहेर ठेवणं, म्हणजे परिवीक्षा. आणखी एक गोंधळ आधीच मिटवू. पॅरोल हा शिक्षा भोगत असलेल्या कैद्याला मिळतो. परिवीक्षेत शिक्षा सुनावणंच पुढे ढकललेलं असतं. ‘आरोपी’ हा शब्दही तसा सैल आहे. या टप्प्यावर दोष सिद्ध झालेला असतो, त्यामुळे खरं तर ‘अपराधी’ म्हणायला हवं. बोलताना सगळेच आरोपी म्हणतात, मीही अधूनमधून म्हणेन.

आजचा प्रश्न असा. न्यायाधीशासमोर एक माणूस उभा आहे. त्याला बाहेर सोडला तर तो पुढची दोन-तीन वर्षं अटी पाळेल की नाही? हे भविष्य न्यायालय कशावरून सांगतं? हे कळायला मी तुम्हाला दोडामार्गला नेणार आहे. एका साध्या कलमातल्या शब्दांची खरी परीक्षा अशा सीमेवरच्या तालुक्यात होते.

समजा, एक मुलगा

हे काल्पनिक उदाहरण आहे, कुणा खऱ्या माणसाचं नाही. मुलगा २३ वर्षांचा. दोडामार्ग तालुक्यातल्या एका वाडीतला. गावी आजोबांच्या वेळचं घर आहे, सातबाऱ्यावर पंचवीस-तीस नावं आहेत आणि त्यात याच्या वडिलांचं नाव कुठेतरी मध्ये आहे. मुलगा गोव्यात डिचोलीच्या बाजूला एका कंपनीत कंत्राटी कामाला जातो. कधी मोटरसायकलवरून रोज ये-जा करतो, कधी चौघं मिळून तिकडेच खोली घेतात. मार्च ते मे काजूच्या हंगामात काम सोडून गावी येतो. जत्रेत मारामारी झाली, समोरच्याला जखम झाली, खटला चालला, दोष सिद्ध झाला. आधीचा एकही गुन्हा नाही.

न्यायालयाच्या हातात अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ आहे. कलम ३ मध्ये काही लहान गुन्ह्यांत समज देऊन सोडता येतं. कलम ४ मोठं आहे. मृत्युदंड किंवा जन्मठेपेची तरतूद नसलेल्या गुन्ह्यात, गुन्ह्याचं स्वरूप आणि अपराध्याचं चारित्र्य बघून, जास्तीत जास्त ३ वर्षांच्या बंधपत्रावर सोडता येतं. हा मुलगा २१ च्या आतला असता, तर कलम ६ लागलं असतं. मग न्यायालयाला परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवावाच लागला असता, आणि तुरुंगात पाठवायचं तर त्याची कारणं लिहावी लागली असती. पण आपला मुलगा २३ चा, म्हणजे कलम ४.

आणि कलम ४ ला एक परंतुक आहे. माझ्या शब्दांत सांगतो: अपराध्याला किंवा त्याच्या जामीनदाराला, न्यायालयाच्या हद्दीत किंवा बंधपत्राच्या काळात अपराधी जिथे राहण्याचा संभव आहे तिथे, कायमचा राहण्याचा ठिकाणा किंवा नियमित व्यवसाय आहे, अशी खात्री पटल्याशिवाय न्यायालयाने त्याला सोडू नये.

हे वाक्य एकदा परत वाचा. परिवीक्षा यशस्वी होईल का, याचा अंदाज बांधण्याची आपल्या कायद्यातली ही सर्वांत जुनी कसोटी आहे. ती माणसाच्या पश्चात्तापाबद्दल काही विचारत नाही, त्याच्या स्वभावाबद्दलही नाही. ती पत्ता आणि काम विचारते.

हे वाक्य आलं कुठून?

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून माझा पहिला धडा हाच होता: कलमाचा अर्थ लावण्याआधी त्याची जन्मतारीख शोधायची.

परिवीक्षेची गोष्ट बहुतेक पुस्तकं बॉस्टनपासून सुरू करतात. १८४१ मध्ये जॉन ऑगस्टस नावाच्या चांभाराने दारू पिऊन पकडलेल्या एका माणसाला स्वतःच्या हमीवर सोडवून घेतलं. पुढची १८ वर्षं, १८५९ मध्ये मरेपर्यंत, त्याने हे काम केलं आणि दोन हजारांच्या आसपास माणसांना सोडवलं. कुणाला निवडायचं हे तो स्वतः चौकशी करून ठरवायचा: आधी कसा होता, वय काय, पुढे कुणाच्या संगतीत राहणार. ही चौकशी महत्त्वाची होतीच, पण त्याहून महत्त्वाची एक गोष्ट होती. निवडलेल्या माणसामागे ऑगस्टस स्वतः उभा राहायचा. काम शोधून द्यायचा, राहायची सोय करायचा. अंदाज बांधणारा आणि तो खरा ठरावा म्हणून झटणारा, असे दोघेही तोच होता.

आता इंग्लंडला या. तिथे १८८७ मध्ये पहिल्यांदा गुन्हा करणाऱ्यांसाठी परिवीक्षेचा कायदा झाला. त्यात देखरेखीची काही व्यवस्था नव्हती. परिवीक्षा अधिकारी हे पद तिथे १९०७ च्या कायद्याने आलं. मग १८८७ मध्ये माणूस सोडला तर त्याच्यावर लक्ष कोण ठेवणार? कुणीच नाही. म्हणून कायद्याने विचारलं, निदान तो सापडेल तरी कुठे? अपराध्याला किंवा जामीनदाराला कायमचा ठिकाणा किंवा नियमित व्यवसाय आहे, अशी खात्री करून घ्या. म्हणजे पत्ता हा न नेमलेल्या अधिकाऱ्याच्या जागी उभा केलेला पहारेकरी होता.

आपल्याकडे हा विचार १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत आला. कलम ५६२ मध्ये सोडण्याचा अधिकार आणि कलम ५६४ मध्ये ठिकाण्याची अट. १९२३ मध्ये ५६२ ची व्याप्ती वाढवली गेली. दरम्यान सर अलेक्झांडर कार्ड्यू यांच्या अध्यक्षतेखालच्या १९१९-२० च्या तुरुंग समितीने परिवीक्षेचा पुरस्कार केला. मग प्रांतांनी आपापले कायदे केले. मध्य प्रांत आणि वऱ्हाडात १९३६ मध्ये, मद्रासमध्ये १९३७ मध्ये, मुंबई प्रांतात १९३८ मध्ये. मुंबईत १९३६ मध्येच सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय सुरू झालं होतं, म्हणजे या कामाचं शिक्षण घेतलेली माणसं तयार होऊ लागली होती. त्यानंतर १९५८ चा केंद्रीय कायदा आला. त्यात परिवीक्षा अधिकारी आहे, त्याचा अहवाल आहे, देखरेखीचा आदेश आहे. आणि तरीही पत्त्याची जुनी अट तशीच आहे. १९७३ च्या संहितेत कलम ३६० मध्ये ती होती आणि २०२३ च्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम ४०१ मध्येही आहे.

थोडक्यात, पहारेकरी येण्याआधी जो खांब रोवला होता, तो पहारेकरी आल्यावरही कुणी काढला नाही.

त्याच दोन शब्दांची दुसरी बाजू

इथे एक क्षण थांबा. ‘कायमचा ठिकाणा’ आणि ‘व्यवसाय’ हे शब्द परिवीक्षेच्या कलमात बिनधोक वाटतात. पण आपल्या देशात याच दोन गोष्टींची विचारणा त्याआधी आणखी एका कायद्यात झाली होती, १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात. एखाद्या जमातीला कायमचं वसतिस्थान नसेल, तर ती काय व्यवसाय करते, तो व्यवसाय खरा आहे की नुसतं सोंग आहे, आणि तिला कुठे वसवायचं, हे सरकारने मांडायचं होतं. १९११ च्या कायद्यानंतर हे जाळं मुंबई इलाख्यातही पसरलं आणि सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातल्या वसाहती उभ्या राहिल्या. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन त्याचीच आठवण आहे.

दोन्ही कायदे एकाच हेतूचे होते असं मी म्हणत नाहीये. एक कायदा माणसाला तुरुंगापासून वाचवायला आला, दुसरा अख्ख्या समाजाला गुन्हेगार ठरवायला. पण दोन्हींच्या मुळाशी समजूत एकच होती: एका जागी राहणारा माणूस भरवशाचा, फिरणारा संशयाचा. तेव्हा जुन्या निकालात ‘यास निश्चित ठिकाणा नाही’ असं वाचलंत, तर ती निव्वळ वस्तुस्थितीची नोंद समजू नका. त्यामागे शंभर वर्षांची सवय असू शकते.

‘तू खंयचो?’ आणि ‘खंय रवतंस?’

आता दोडामार्ग. आमच्या बाजूला मालवणीत हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ‘तू खंयचो?’ म्हणजे तुझं गाव कोणतं. चाळीस वर्षं परळला राहिलेला चाकरमानीसुद्धा याचं उत्तर गावाचं नाव सांगूनच देतो, आणि ते खोटं नसतं. ‘खंय रवतंस?’ म्हणजे सध्या कुठे राहतोस. पहिल्या उत्तराला घर, देव, वाडी, भावकी जोडलेली असते. दुसऱ्याला भाड्याची खोली. कायद्याचा ‘कायमचा ठिकाणा’ यातला कुठला?

दोडामार्गात हा प्रश्न आणखी अडचणीचा होतो, कारण इथे माणसं हलली तशा हद्दीही हलल्या. १९४८ पर्यंत हा भाग सावंतवाडी संस्थानात होता, म्हणजे मुंबईचा १९३८ चा कायदा झाला तेव्हा तो संस्थानी मुलूख होता. विलीनीकरणानंतर हा भाग रत्नागिरी जिल्ह्यात आला. १ मे १९८१ ला सिंधुदुर्ग जिल्हा झाला. दोडामार्ग तालुका १९९९ मध्ये वेगळा झाला, तोवर गाव सावंतवाडी तालुक्यातली होती. पलीकडे डिचोली, सत्तरी, पेडणे. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत ती पोर्तुगीज हद्द, म्हणजे परदेश. त्यानंतर केंद्रशासित प्रदेश, आणि ३० मे १९८७ पासून गोवा राज्य. एकाच पायवाटेने पलीकडे गेलेला माणूस १९५५ मध्ये देशाबाहेर गेला होता, १९६५ मध्ये केंद्रशासित प्रदेशात आणि आज शेजारच्या राज्यात. पायवाट तीच.

यात तिलारीची भर घाला. महाराष्ट्र आणि गोव्याच्या या संयुक्त प्रकल्पात पाट्ये, सरगवे, आयनोडे अशी गावं पाण्याखाली गेली आणि लोक पुनर्वसनाच्या वसाहतींत गेले. पिढ्यान्‌पिढ्या ‘कायमचा ठिकाणा’ असलेल्या माणसाचा ठिकाणा सरकारनेच हलवला.

आणि रोजचं आयुष्य? कामाला गोवा, मोठ्या दुखण्याला बांबोळीचं गोवा वैद्यकीय महाविद्यालय, बाजाराला म्हापसा-डिचोली. पण सरकारी कामाला मात्र सावंतवाडी, कुडाळ ओलांडून ओरोस. जिल्हा तिथे, त्यामुळे जिल्हा परिवीक्षा अधिकाऱ्याचं कामही तिथूनच. महाराष्ट्रात हे अधिकारी महिला व बाल विकास विभागाखाली येतात. सीमेपलीकडे वेगळं राज्य, वेगळी यंत्रणा.

आता आपल्या मुलाकडे परत या. कलम वरवर वाचणारा म्हणेल: घर वडिलांच्याही एकट्याच्या नावावर नाही, काम कंत्राटी, खोली दुसऱ्या राज्यात, वर्षातले तीन महिने काम सोडतो. ठिकाणा नाही, नियमित व्यवसाय नाही, परिवीक्षा कठीण.

पण कलम नीट वाचा. त्यात तीन ‘किंवा’ आहेत.

पहिला: अपराध्याला *किंवा* जामीनदाराला. गावातला काका, शेजारी, कुणीही पात्र जामीनदार ठिकाण्याचा असेल तर चालतं. दुसरा: ठिकाणा *किंवा* व्यवसाय. दोन्ही लागत नाहीत. तिसरा आणि दोडामार्गसाठी सर्वांत महत्त्वाचा: न्यायालयाच्या हद्दीत *किंवा* अपराधी जिथे राहण्याचा संभव आहे तिथे. म्हणजे कलम लिहिणाऱ्यांनाही माणूस दुसरीकडे जाऊन राहील हे ठाऊक होतं. कलमाच्या शब्दांप्रमाणे डिचोलीची खोली ही अडचण ठरायलाच हवी असं नाही. ‘तू खंयचो?’ आणि ‘खंय रवतंस?’ या दोन्ही प्रश्नांना कायद्याने जागा ठेवली आहे.

मला वाटतं, पत्त्याच्या या कसोटीचा इतिहास या तीन शब्दांच्या वापराचा इतिहास आहे. कुठल्या काळात, कुठल्या न्यायालयात त्यातला ‘किंवा’ ‘आणि’सारखा वाचला गेला? हा शोधनिबंधाचा प्रश्न होऊ शकतो. हवा तर घ्या.

आकड्यांनी ताडण्याची परंपरा

तुमच्यातले काही म्हणतील, न्यायाधीशाच्या अंदाजापेक्षा आकडे बरे. हा युक्तिवाद जुना आहे आणि वजनदारही आहे. १९२८ मध्ये शिकागोच्या अर्नेस्ट बर्जेस या समाजशास्त्रज्ञाने इलिनॉयमधल्या पॅरोलवर सुटलेल्या ३,००० माणसांच्या नोंदी घेतल्या आणि २१ घटक काढले: गुन्ह्याचा प्रकार, कामाची पार्श्वभूमी, राहण्याची वस्ती वगैरे. अनुकूल घटकाला एक गुण. १६ ते २१ गुण मिळालेल्यांत अटी मोडणाऱ्यांचं प्रमाण १.५ टक्के निघालं, २ ते ४ गुण असलेल्यांत ७६ टक्के. पुढे परिवीक्षेसाठीही असेच तक्ते तयार झाले. १९५४ मध्ये पॉल मील या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की असे साधे तक्ते तज्ज्ञाच्या अंदाजाच्या बरोबरीने किंवा त्याहून सरस ठरतात. हे विसरू नका. ‘अनुभवी माणसाला दिसतंच’ हे वाक्य संशोधनात फारसं टिकत नाही.

पण बर्जेसच्या घटकांत एक होता सामाजिक प्रकाराचा. त्यात ‘भटक्या’, ‘दारुडा’, ‘नुकताच आलेला परदेशी’, ‘शेतावरचा मुलगा’ अशी वर्गवारी होती. आपला मुलगा यातला कोण? काजूच्या हंगामात शेतावरचा, जूनमध्ये पलीकडे जाऊन राहणारा. शिकागोत ‘वस्ती बदलणं’ कशाची तरी खूण असेल. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या घर चालवण्याची रीतच ती आहे. आधी मुंबईच्या गिरण्या, आता गोवा. इथे घर सोडून जाणारा मुलगा बऱ्याचदा जबाबदार असतो, म्हणूनच जातो.

म्हणून पहिला नियम वहीत लिहून ठेवा: घटक जिथल्या नोंदींवरून काढला, तिथेच त्याचा भरवसा. दुसरीकडे न्यायचा तर तिथे पुन्हा तपासायचा. हा वाद आजही संपलेला नाही. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाने लूमिस खटल्यात संगणकी जोखीम-गुण वापरायला परवानगी दिली, पण सावधगिरीच्या सूचना घालून. त्याच वर्षी प्रोपब्लिका या वृत्तसंस्थेने फ्लोरिडातल्या एका परगण्यातल्या नोंदी तपासून सांगितलं की पुढे गुन्हा न केलेल्या कृष्णवर्णीय आरोपींना ‘जास्त धोक्याचे’ ठरवण्याची चूक गोऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट होत होती.

आपल्याकडे न्यायालयाचा आधार म्हणजे परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल. कलम ४ मध्ये ‘अहवाल असल्यास’ तो विचारात घ्यावा असं आहे. या ‘असल्यास’वरूनही वाद झाले. २००५ मध्ये दिल्ली महानगरपालिकेच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की अहवाल बंधनकारक नाही, पण तो मागवून विचारात घ्यायला हवा. त्याआधी वेदप्रकाश विरुद्ध हरियाणा (१९८१) मध्ये न्या. कृष्ण अय्यर यांनी नुसत्या अटकळीवर शिक्षा ठरवू नये, माणसाची माहिती गोळा करावी, हे ठासून सांगितलं होतं.

‘यशस्वी’ म्हणजे नेमकं काय?

आता जो प्रश्न मार्गदर्शक हमखास विचारतात तो. तुम्ही म्हणालात, ‘यशस्वी परिवीक्षेचे घटक शोधायचे आहेत.’ यशस्वी कुणाला म्हणणार?

कायदा स्वतः इथे फार समंजस आहे. कलम ८ प्रमाणे न्यायालय अटी बदलू शकतं, आणि वागणूक पाहून देखरेखीची गरज उरली नाही असं वाटलं तर लवकर मोकळंही करू शकतं. कलम ९ प्रमाणे अट मोडली तर मूळ गुन्ह्याची शिक्षा देता येते. पण पहिल्यांदाच मोडली असेल, तर बंधपत्र चालू ठेवून ५० रुपयांपर्यंत दंड करून भागवता येतं. त्या ५० रुपयांत मला कायद्याचं शहाणपण दिसतं. माणूस एकदा चुकेल हे त्याने गृहीत धरलं आहे. आणि कलम १२ प्रमाणे परिवीक्षेवर सोडलेल्याला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही.

म्हणजे ‘यश’ किमान तीन तऱ्हांनी मोजता येतं: बंधपत्राची मुदत तक्रारीविना संपली, त्या काळात नवा गुन्हा झाला नाही, माणूस कामाला-घराला लागला. तिन्ही आकडे वेगळे येतात. सीमेवर त्यात दोन चुका सहज शिरतात. मुलाने पलीकडे काही केलं आणि ते इकडच्या कागदावर आलंच नाही, तर नोंदीत तो ‘यशस्वी’. उलट, तो कामाच्या पाळीमुळे दोनदा अधिकाऱ्याकडे हजर राहू शकला नाही, तर नोंदीत ‘अटीभंग’, जरी तो रोज घाम गाळत असला तरी. एक खोटं यश, एक खोटं अपयश. तक्ता कितीही हुशार असू द्या, तो अशा नोंदींवरून शिकला तर माणूस सुधारेल की नाही हे सांगणार नाही. माणूस कागदावर किती सापडतो, एवढंच सांगेल.

ठिकाणा विचारणं आणि ठिकाणा देणं

शेवटी एक वेगळी गोष्ट, दोडामार्गपासून लांब, पण संस्थानी काळातलीच. १९३९ मध्ये औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही खुली वसाहत सुरू झाली. कल्पना मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याची, पाठबळ राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि त्यांचे पुत्र अप्पासाहेब पंत यांचं. व्ही. शांताराम यांचा १९५७ चा ‘दो आँखें बारह हाथ’ याच प्रयोगावरून सुचला. ही परिवीक्षा नाही, हे ध्यानात ठेवा. इथे गंभीर गुन्ह्यांत शिक्षा भोगणारे कैदी होते. पण आपल्या प्रश्नाला इथे वेगळं उत्तर सापडतं. भिंत नाही, शेती करायची, कुटुंबालाही सोबत राहता येतं. कैद्याला ठिकाणा आणि व्यवसाय आहे का, हे विचारण्याऐवजी संस्थानाने दोन्ही त्याला दिले.

जॉन ऑगस्टसही हेच करत होता. १९५८ च्या कायद्यातही याची बीजं आहेत. कलम १४ प्रमाणे परिवीक्षा अधिकाऱ्याने नुसती चौकशी आणि देखरेख करायची नाही, देखरेखीखालच्या माणसाला सल्ला आणि साहाय्य द्यायचं, गरज असेल तर योग्य काम मिळवून द्यायचा प्रयत्न करायचा. म्हणजे जो अधिकारी अंदाज सांगतो, त्यानेच तो अंदाज खरा करायला हातभार लावायचा. आपल्या मुलाच्या बाबतीत ‘हा अटी पाळेल का?’ याचं अर्धं उत्तर तो देईल. उरलेलं अर्धं, हजेरीचा दिवस त्याच्या सुट्टीच्या दिवशी ठेवला की नाही, काजूचा हंगाम अटीत धरला की नाही, यावर अवलंबून आहे.

तुम्ही या वाटेने जाणार असाल तर

चार गोष्टी सांगतो, मला उशिरा कळलेल्या.

एक, कायदा कधी झाला यावर थांबू नका. १९५८ चा कायदा प्रत्येक राज्यात, अगदी राज्याच्या वेगवेगळ्या भागांतही, सरकारी अधिसूचनेने लागू व्हायचा होता. तुमच्या जिल्ह्याची तारीख राजपत्रात शोधा. ती सापडेपर्यंत ‘१९५८ नंतर’ असं लिहू नका.

दोन, दप्तर हद्दीप्रमाणे विभागलेलं असतं. दोडामार्गचा माग काढायचा तर सावंतवाडी संस्थान, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि पलीकडचा गोवा, अशी चार नावं डोक्यात ठेवा. एका ठिकाणी नोंद नाही म्हणजे घटना घडली नाही, असं नाही.

तीन, कलम ७ प्रमाणे परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल गोपनीय असतो. म्हणजे अंदाज जिथे प्रत्यक्ष बांधला जातो, तो कागदच सहसा आपल्याला मिळत नाही. मिळतो निकाल. निकालात अहवालाचं सार कसं आलं आहे आणि काय गाळलं असेल, यावर काम करायला शिका. आणि कधी एखादा अहवाल हाती पडलाच, तर त्यातल्या माणसाचं नाव-गाव तुमच्या प्रबंधात येता कामा नये. कलम १२ ने त्याला जे पुसून दिलंय, ते आपण पुन्हा लिहायचं नाही.

चार, ‘ठिकाणा’ हा शब्द दिसला की थांबा आणि विचारा: इथे लिहिणाऱ्याने ‘तू खंयचो?’ विचारलं होतं की ‘खंय रवतंस?’

सावंतवाडीहून दोडामार्गला जाणाऱ्या एसटीत सकाळी बसलात, तर गोव्याकडे निघालेल्या मोटरसायकलींची रांग दिसेल. पाठीवर सॅक, डब्याची पिशवी हँडलला. यांच्यातला प्रत्येक जण दोन पत्त्यांचा माणूस आहे. यांच्यातल्या कुणावर वाईट वेळ आली, तर कायद्यातले तिन्ही ‘किंवा’ त्याच्यासाठी वाचले जावेत, एवढी किमान अपेक्षा. आणि ते वाचले गेले का, हे शोधून सांगणं हे आपलं काम.

प्रश्न असतील तर जरूर विचारा. पुढच्या वेळी राजपत्रातली अधिसूचना प्रत्यक्ष कशी शोधायची, ते बघू.